शत्रुंजय: जिथे देवळांआधी डोंगराची पूजा होते

जैनांच्या चोवीस तीर्थंकरांपैकी एकाचंही निर्वाण शत्रुंजयावर झालेलं नाही. आदिनाथ अष्टापदावरून मोक्षाला गेले, वासुपूज्य चंपापुरीहून, नेमिनाथ गिरनारवरून, महावीर पावापुरीहून आणि उरलेले वीस सम्मेदशिखरावरून. तरीही श्वेतांबर मूर्तिपूजक जैन गुजरातेतल्या पालिताणा गावाशेजारच्या या डोंगराला तीर्थाधिराज मानतात आणि प्रेमाने ‘गिरिराज’ किंवा ‘सिद्धाचल’ म्हणतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, वर चढायला साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या आणि माथ्यावर लहानमोठी आठशेहून अधिक मंदिरं. पण हे आकडे कितीही मोठे असले तरी या डोंगराला एवढा मान का मिळतो, ते त्यावरून उलगडत नाही.

त्याचं उत्तर असं. परंपरा सांगते की या डोंगरावर अगणित साधू सिद्ध झाले. ‘कांकरे कांकरे सिद्ध अनंता’ ही ओळ इथे लहान मुलांच्याही तोंडी असते: इथल्या खड्याखड्यावरून अनंत आत्मे मुक्त झाले आहेत. जो आत्मा मुक्त होतो तो त्या जागेवरून सरळ वर, लोकाच्या टोकाला असलेल्या सिद्धशिलेकडे जातो, अशी जैन कल्पना आहे. म्हणून ती जागाच वंदनीय. शत्रुंजयावर अशी जागा एका चौथऱ्यापुरती किंवा एका गाभाऱ्यापुरती नाही, सगळा डोंगरच तशी जागा आहे. मंदिरं नंतर आली, पडली, पुन्हा उभी राहिली. पूज्य आहे तो डोंगर. एवढं ध्यानात ठेवलं की इथले नियम, यात्रेचा क्रम आणि वर्षातले दिवस आपोआप उलगडत जातात.

या सिद्धांमध्ये पहिलं नाव पुंडरीकस्वामींचं. ते आदिनाथांचे पहिले गणधर, म्हणजे मुख्य शिष्य. चैत्र पौर्णिमेला पाच कोटी मुनींसह ते इथे मोक्षाला गेले, असं मानतात. कार्तिक पौर्णिमेला द्राविड आणि वारिखिल्ल हे दोघे भाऊ दहा कोटी मुनींसह गेले. फाल्गुन शुद्ध १३ ला श्रीकृष्णाचे पुत्र शांब आणि प्रद्युम्न साडेआठ कोटींसह याच डोंगराच्या भाडवा नावाच्या शिखरावरून गेले. पाच पांडव वीस कोटींसह. दिगंबर परंपराही शत्रुंजयाला सिद्धक्षेत्र मानते, मात्र तिचा तपशील वेगळा आहे. निर्वाणकांड या स्तोत्रात तीन पांडव आणि आठ कोटी द्रविड राजे इथून मुक्त झाल्याचं येतं. नकुल आणि सहदेव मोक्षाला न जाता सर्वार्थसिद्धी या देवलोकात गेले, असं ती परंपरा सांगते. डोंगरावर दिगंबर मंदिरही आहे.

मग आदिनाथांचा संबंध काय? ते इथे वारंवार आले. किती वेळा, तर ‘पूर्व नव्वाणू वार’. पूर्व हे जैन कालगणनेतलं माप आहे: ८४ लाख गुणिले ८४ लाख, म्हणजे ७० लाख ५६ हजार कोटी. याची ९९ पट केली की ६९ कोडाकोडी ८५ लाख ४४ हजार कोटी हा आकडा येतो (कोडाकोडी म्हणजे कोटी गुणिले कोटी). इतक्या वेळा ते या डोंगरावर, रायणीच्या झाडाखाली आले, असं श्रद्धा सांगते. आजही मुख्य मंदिरामागे रायणीचं झाड आहे आणि त्याखाली आदिनाथांच्या पादुका. नेमिनाथ सोडून बाकी तेवीस तीर्थंकर इथे आले, हीही मान्यता आहे. ज्या ‘नव्वाणू’ यात्रेबद्दल पुढे येईल, तिचं मूळ या ९९ मध्ये आहे.

डोंगर ‘प्रायः शाश्वत’ आहे, असंही म्हणतात. कालचक्राच्या उतरत्या अर्ध्या भागात सहा आरे, म्हणजे काळाचे टप्पे, असतात. पहिल्या आऱ्यात डोंगर ८० योजनं, मग ७०, ६०, ५०, आताच्या पाचव्या आऱ्यात १२ योजनं आणि सहाव्यात अवघा सात हात, असं त्याचं घटत जाणारं माप ग्रंथांत दिलं आहे. चढत्या अर्ध्या भागात तो पुन्हा वाढतो. तो लहान होतो, पण नाहीसा होत नाही. हे भूगोलाचं विधान म्हणून वाचायचं नसतं. काळ कितीही वाईट आला तरी मुक्तीची वाट पुरती बुजत नाही, हा विश्वास या मापांत आहे.

देव काही देत नसेल तर पूजा कशाला

जैनेतर वाचक इथे हमखास अडखळतो. तीर्थंकर वीतराग आहेत. त्यांना राग नाही आणि लोभही नाही. ते प्रसन्न होत नाहीत, कोपत नाहीत, नवस ऐकत नाहीत. मग मूर्तीपुढे उभं राहून काय मिळतं? जैन उत्तर स्पष्ट आहे. फळ देणारा कोणी नाही. फळ पूजा करणाऱ्याच्या स्वतःच्या भावातून येतं. शांत मूर्ती पाहून मन निवळलं, कषाय, म्हणजे क्रोध-लोभासारखे विकार, सैल पडले, तर तेवढी कर्मं झडतात. गर्दीत धक्काबुक्की करून, रागारागाने पहिला नंबर लावून केलेली पूजा त्यामुळे नुकसानीचीच ठरते, कारण तिथे नवी कर्मं बांधली जातात. पूजेचे तांत्रिक नियम कितीही बारीक वाटले तरी त्यांना जोखायची कसोटी हीच आहे.

माथ्यावर वाघणपोळ या दरवाजाजवळ चक्रेश्वरी देवी आणि कपर्दी यक्ष, म्हणजेच कवडयक्ष, यांची स्थानं आहेत. हे तीर्थाचे रक्षक. त्यांना वंदन होतं, पण तीर्थंकरांच्या बरोबरीने पूजा होत नाही. कपाळावर उजव्या अंगठ्याने एक टिळा, एवढंच. हा फरक पुष्कळांच्या लक्षात येत नाही आणि देवीच्या टिळ्यासाठी वापरलेलं केशर घेऊन लोक पुन्हा प्रभूकडे वळतात. ते चालत नाही.

चढण आणि पाच चैत्यवंदनं

यात्रा पायथ्याशी, जय तळेटीला सुरू होते. इथे पहिलं चैत्यवंदन, म्हणजे सूत्रं म्हणून केलेलं वंदन, करायचं, आणि ते डोंगरालाच. पायथ्याच्या खडकाला चंदन लावतात, फुलं वाहतात, माथा टेकतात. घाईत असलेले यात्रेकरू हा टप्पा उरकून टाकतात आणि थेट पायऱ्यांना लागतात. खरं तर डोंगर पूज्य आहे ही गोष्ट इतकी उघडपणे पुढे कुठेच समोर येत नाही, म्हणून इथे पंधरा मिनिटं जास्त द्यावीत.

दुसरं चैत्यवंदन वर पोहोचल्यावर शांतिनाथांच्या मंदिरात. उरलेली तीन मुख्य टुकेत (टूक म्हणजे तटबंदीने वेढलेला मंदिरसमूह): आदिनाथांपुढे, रायणीखालच्या पादुकांपुढे आणि आदिनाथांसमोरच विराजमान असलेल्या पुंडरीकस्वामींपुढे. पाचही झाली की एक यात्रा पूर्ण.

चैत्यवंदनाची सुरुवात ‘इरियावहियं’ने होते. चालताना पायाखाली आलेल्या, चिरडलेल्या, जागेवरून हललेल्या जीवांची क्षमा मागणारं हे सूत्र आहे. मग लोगस्स या सूत्राचा काउस्सग्ग (देह स्थिर ठेवून केलेलं ध्यान), तीन खमासमण (गुडघे, हात आणि माथा टेकून नमस्कार), स्तुती, नमुत्थुणं, स्तवन, जय वीयराय आणि शेवटी एका नवकाराचा काउस्सग्ग करून थोय, म्हणजे स्तुतीचं छोटं पद. सूत्रं येत नसतील तर तीन खमासमण देऊन नवकार म्हणावा आणि शांत उभं राहावं. पुस्तकात बघून चुकतमाकत वाचण्यापेक्षा ते बरं.

चढायला निरोगी माणसाला दीड ते अडीच तास लागतात. पायऱ्या रुंद आणि बेताच्या उंचीच्या आहेत, मधे विसावे आहेत, पण हिंगळाजचा हडा म्हणतात तो टप्पा दम काढतो. इच्छाकुंड, कुमारकुंड, हिराबाईचा विसामा अशा खुणा मागे टाकत हनुमानधारेपाशी आलं की वाट फुटते. एक नव टुकांकडे जाते, दुसरी थेट दादांच्या, म्हणजे आदिनाथांच्या, मुख्य टुकेकडे. पहिल्यांदा येणाऱ्याने इथे आधीच ठरवून ठेवावं. नव टुका नीट पाहून मग दादांकडे गेलं तर सकाळची पूजा हुकू शकते. आधी दादांकडे गेलं तर ऊन चढल्यावर नव टुकांकडे जायला पाय उचलत नाहीत. पूजा करायची असेल तर आधी दादांकडे जाणंच योग्य. पक्षाल, म्हणजे अभिषेक, आणि त्यानंतरची पूजा यांच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. तीर्थाचा कारभार पाहणाऱ्या आणंदजी कल्याणजी पेढीत त्या आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात.

ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली असते. शक्य असेल त्याने मात्र अनवाणी चालत जावं, असा दंडक आहे.

माथ्यावर काय आहे

माथ्यावर एकूण नऊ टुका मोजतात. पैकी सर्वांत उंचावरची चौमुखजींची टूक, खरतरवसी, १६१८ सालची. ती सवा-सोमा या दोन शेठांच्या नावाने ओळखली जाते. वंथळीच्या सवचंदने अडचणीच्या वेळी अहमदाबादच्या सोमचंदवर हुंडी लिहिली. दोघांत कसलंच खातं नव्हतं. कागदावर अश्रूचा डाग पाहून सोमचंदने पैसे दिले. पुढे सवचंद परत करायला आला तेव्हा सोमचंदने घेण्याचं नाकारलं आणि ती रक्कम इथे लागली, अशी आख्यायिका आहे. उजमबाईच्या टुकेत जैन विश्वरचनेतल्या नंदीश्वर द्वीपाची रचना आहे. मोतीशा शेठांची टूक तर आधी जमीन नसलेल्या ठिकाणी उभी आहे. दोन शिखरांमधली कुंतासर नावाची खोल घळ भरून तिच्यावर हा समूह बांधला. मोतीशा हे मुंबईचे मोठे व्यापारी. १८३६ मध्ये ते वारले आणि प्रतिष्ठा त्यांच्या मुलाच्या हातून झाली. नव टुकांच्या वाटेजवळ अंगार पीराचा दर्गाही आहे. मूल व्हावं म्हणून तिथे छोटे पाळणे वाहिले जातात.

रामपोळ, वाघणपोळ, हाथीपोळ, रतनपोळ असे दरवाजे ओलांडत दादांच्या चौकात पोहोचतो. आत आदिनाथांची पद्मासनातली पांढऱ्या संगमरवराची मूर्ती, सात फुटांच्या आसपास उंच. सगळे तिला ‘दादा’ म्हणतात.

या तीर्थाचे सोळा मोठे उद्धार मोजतात. पहिला आदिनाथांचा पुत्र भरत चक्रवर्ती याचा, बारावा पांडवांचा. तेरावा जावडशाचा, विक्रम संवत १०८ मधला. चौदावा उद्धार बाहड मंत्र्याचा, संवत १२१३ मधला, आणि त्याची हकीकत बांधकामाच्या दृष्टीनेही विचार करण्यासारखी आहे. तेव्हाचं मंदिर लाकडी होतं. बाहडचे वडील उदयन मंत्री चैत्यवंदन करत असताना एक उंदीर जळती वात तोंडात धरून पळाला. सगळं भस्म होईल या भीतीने त्यांनी दगडी मंदिराचा संकल्प केला, पण तो पुरा होण्याआधीच लढाईत जखमी होऊन त्यांनी देह ठेवला. मुलाने मंदिर बांधलं आणि ते तडकलं. प्रबंधग्रंथांत कारण दिलं आहे: गाभाऱ्याभोवतीच्या भमतीत, म्हणजे प्रदक्षिणामार्गात, डोंगरावरचा जोराचा वारा शिरला आणि त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. भमती ठेवली नाही तर बांधणाऱ्याचा वंश चालत नाही, अशी शिल्पशास्त्राची समजूत. बाहडने वंशाची पर्वा केली नाही. दोन भिंतींमधली भमती दगडांनी भरून काढली आणि मंदिर पक्कं केलं.

पंधरावा उद्धार समराशाचा, संवत १३७१. सोळावा चितोडच्या कर्माशाचा, संवत १५८७, म्हणजे इसवी सन १५३१. आजची मूर्ती त्याच प्रतिष्ठेची. दरवर्षी वैशाख वद्य ६ ला तिची वर्षगाठ साजरी होते. इथे तिथीचा एक घोळ टाळा. गुजरात आणि महाराष्ट्र दोन्हीकडे महिना अमावास्येला संपतो, म्हणून आपल्या पंचांगातली वैशाख वद्य ६ तीच. हिंदी पुस्तिकांत मात्र हाच दिवस ज्येष्ठ कृष्ण ६ म्हणून छापलेला असतो आणि त्या भरवशावर तिकीट काढणारे महिनाभर उशिरा येतात.

नवांगी पूजा

पूजेसाठी आंघोळ हवी आणि वेगळे, न शिवलेले कपडे हवेत: पुरुषांना धोतर आणि खेस, म्हणजे उपरणं. हे कपडे घालून खाल्लेलं किंवा शौचाला गेलेलं चालत नाही, म्हणून ते पिशवीतून वर न्यावेत आणि वरच आंघोळ करून घालावेत. चढताना आलेल्या घामाचा एक थेंबही मूर्तीवर पडू नये, हे त्यामागचं साधं कारण. तोंडावर आठपदरी मुखकोश बांधायचा, म्हणजे श्वास मूर्तीला लागत नाही.

टिळे उजव्या हाताच्या अनामिकेने लावायचे, नख लागू द्यायचं नाही. अंगं नऊ, टिळे तेरा: दोन्ही पायांचे अंगठे, दोन्ही गुडघे, दोन्ही मनगटं, दोन्ही खांदे, मग शिखा, कपाळ, कंठ, हृदय आणि नाभी. प्रत्येक जागेमागे एक अर्थ आहे. अंगठ्याचा तर थेट आदिनाथांशी जोडलेला. त्यांच्या राज्याभिषेकासाठी युगलिक, म्हणजे त्या आदिकाळातले जोडीने जन्मणारे, लोक पानांच्या द्रोणांत पाणी घेऊन आले, तेव्हा ते आधीच वस्त्रालंकारांनी सजलेले होते; सजावट भिजू नये म्हणून त्यांनी पाणी पायांवर वाहिलं. गुडघे ध्यानात उभं राहण्यासाठी आणि गावोगावच्या विहारासाठी. मनगट वर्षीदानासाठी, म्हणजे दीक्षेआधी वर्षभर केलेल्या दानासाठी. खांदे गळालेल्या अहंकारासाठी. कंठ उपदेशासाठी, महावीरांनी शेवटी सलग सोळा प्रहर दिलेली देशना इथे आठवायची. हृदय उपशमासाठी, म्हणजे विकार शमण्यासाठी.

नेहमी होणाऱ्या चुका तीन. केशर पातळ असतं आणि टिळा ओघळतो. नवांगांच्या पलीकडे, हातावर, मांडीवर, अगदी आसनावरच्या लांछनावरही टिळे लावले जातात. आदिनाथांचं लांछन बैल आहे, ती ओळखीची खूण आहे आणि तिची पूजा करायची नसते. तिसरी चूक पक्षालाच्या वेळची: वाळ्याची कुंची भांडी घासावीत तशी फिरवली जाते. संगमरवर मऊ दगड आहे. शतकानुशतकं रोज हात लागणाऱ्या मूर्तीची झीज अशीच होते.

यानंतरची अग्रपूजा मूर्तीला स्पर्श न करता होते: धूप, दीप, अक्षता, नैवेद्य, फळ. अक्षतांचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, हे देव, मनुष्य, तिर्यंच (पशुपक्षी) आणि नरक या जन्माच्या चार गतींचं चक्र. त्यावरच्या तीन ढिगल्या ज्ञान, दर्शन, चारित्र्य यांच्या आणि सर्वांत वर चंद्रकोरीच्या आकाराची सिद्धशिला. संसारातून बाहेर पडायचा नकाशाच तो.

नियम, आणि ते तसे का

डोंगरावर खायचं नाही, थुंकायचं नाही, मलमूत्र करायचं नाही, रात्री राहायचं नाही, कातड्याची वस्तू न्यायची नाही. प्यायचं पाणी उकळलेलं. ‘दादांचा डोंगर’ म्हणून पाळायची ही भक्ती आहेच, शिवाय प्रत्येक नियमामागे अहिंसेचा हिशेब आहे. अन्नाच्या खरकट्यावर जीव उत्पन्न होतात, न उकळलेल्या पाण्यात ते असतातच. अंधारात पायाखालचं दिसत नाही म्हणून पुरतं उजाडल्यावर चढावं आणि सूर्यास्ताआधी खाली यावं. उतरल्यावर तळेटीच्या भाताघरात लाडू-गाठियांचं भातं मिळतं, तेव्हा भुकेचा प्रश्न तिथे सुटतो. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र वैद्याला विचारूनच चढावं. डोंगरावर खाणार नाही असं म्हणून निघून अर्ध्यात चक्कर येणारे थोडे नाहीत.

आषाढात चातुर्मास लागला की यात्रा बंद होते, ती कार्तिक पौर्णिमेला उघडते. पावसात पायऱ्यांवर शेवाळ, गवत, किडे-मुंग्या. हजारो पावलं पडली तर संहार होईल. म्हणून कार्तिक पौर्णिमेची गर्दी वर्षातल्या मोठ्या गर्दींपैकी एक. फाल्गुन शुद्ध १३ ला ‘छ गाऊ’, म्हणजे अदमासे बारा मैलांची प्रदक्षिणा होते. ती दादांच्या टुकेवरून चंदन तलावडी, भाडवा डुंगर, सिद्धवड अशी फिरून खाली येते आणि शेवटी उभारलेल्या पालांमध्ये यात्रेकरूंना जेवण मिळतं. वाट खडकाळ आहे, ऊन तापलेलं असतं. पायऱ्यांच्या यात्रेची सवय इथे फारशी कामाला येत नाही.

नव्वाणू यात्रेत ९९ वेळा चढून उतरायचं असतं. रोज दोन, कधी तीन यात्रा, सोबत एकासणा (दिवसातून एकदाच बसून जेवणं), जमिनीवर झोपणं, ब्रह्मचर्य. साधारण दीड-दोन महिने लागतात. त्याहून कठीण म्हणजे पाण्याशिवाय दोन उपवास करून त्या दोन दिवसांत सात यात्रा. ती करणारा तिसऱ्या भवात मोक्षाला जातो, अशी श्रद्धा आहे. दुसरं मोठं तप वर्षीतप. आदिनाथांना दीक्षेनंतर वर्षाहून अधिक काळ आहार मिळाला नाही, कारण साधूला काय द्यायचं हे लोकांना ठाऊकच नव्हतं. शेवटी हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराने उसाचा रस दिला. त्या स्मरणार्थ फाल्गुन वद्य ८ ला सुरुवात करून एक दिवस उपवास, एक दिवस बियासणा (दिवसातून दोनदाच जेवणं) असं पुढच्या वर्षीच्या अक्षय तृतीयेपर्यंत चालतं. पारणं उसाच्या रसाने, पुष्कळांचं पालिताण्यातच.

या तीर्थाशी समाजाचं नातं किती घट्ट आहे ते १९२६ मध्ये दिसलं. पालिताणा संस्थानाने यात्राकराचा वाद वाढवला, तेव्हा जैनांनी कर देत चढण्याऐवजी यात्राच थांबवली. एप्रिल १९२६ पासून दोन वर्षांहून अधिक काळ डोंगर यात्रेकरूंविना राहिला. १९२८ मध्ये व्हाइसरॉय आयर्विन यांच्या मध्यस्थीने तोडगा निघाला: संस्थानाला वर्षाला ६०,००० रुपये, ३५ वर्षांसाठी, आणि यात्रा पुन्हा मोकळी.

ज्यांना जाणं जमत नाही, त्यांच्यासाठी शत्रुंजयाचा पट असतो. कापडावर डोंगर, वाट, टुका, कुंडं रंगवलेली असतात. कार्तिक आणि चैत्र पौर्णिमेला गावोगावी तो उघड्यावर, शक्यतो पालिताण्याच्या दिशेला, लावतात आणि त्यापुढे गिरिराजाची २१ नावं घेत २१ खमासमण देऊन चैत्यवंदन करतात. मुंबईत त्या दिवशी भायखळ्याच्या आदिनाथ मंदिराकडे रीघ लागते. तेही मोतीशा शेठांनीच, शत्रुंजयाची आठवण समोर ठेवून बांधलेलं आहे.